फूल सुकल्यावर कोणता रंग धरेल? कोकणातल्या हवेत आठवणीची फुलं जपताना

लग्नसराईत शेजारपाजारची एखादी मुलगी रुमालात गुंडाळलेली वेणी घेऊन आमच्या पडवीत येते आणि विचारते, "काकी, माजी वेणी अशीच रवतली मा?" मी तिला खरं तेच सांगते. "नाय गो बाय, अशीच नाय रवाची. पण कशी होतली ता तुका आताच सांगतंय."

तेच इथे सविस्तर लिहिते आहे. फुलाचा ताजा रंग जसाच्या तसा कोणालाच धरून ठेवता येत नाही. कुठलं फूल सुकताना कोणत्या रंगावर जाऊन थांबेल, हे मात्र बऱ्यापैकी आधी ओळखता येतं. ते ओळखून फुलं आणि सुकवायची रीत निवडली, तर महिन्याभराने डबा उघडताना जीव खट्टू होत नाही. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी वेणीला किंवा हाराला हात लावण्याआधी एक छोटा प्रयोग करून पाहावा.

आधी दोन वाट्या घ्या

लाल जास्वंदीच्या चार पाकळ्या कोमट पाण्यात कुस्करा आणि ते पाणी दोन वाट्यांत ओता. एकीत लिंबू पिळा, दुसरीत चिमूटभर खायचा सोडा टाका. लिंबाची वाटी लखलखीत गुलाबी-लाल होते, सोड्याची हिरवट. एकाच फुलाचं पाणी, पण आंबटपणा बदलला आणि रंगही बदलला. या रंगद्रव्याला अँथोसायनिन म्हणतात. लाल-गुलाबी गुलाब, जास्वंद, तेरडा, गोकर्ण या सगळ्यांचा लाल-जांभळा-निळा रंग याच कुळातला. आपल्या कोकमाचा लाल रंगही हाच. आगळ, म्हणजे कोकमाचा रस, इतकं आंबट असतं म्हणून ते लाल राहतं. त्यात सोडा पडला की ती लाली जाते.

ताज्या पाकळीत हा रंग पेशीतल्या आंबट रसाच्या इवल्याशा पिशवीत असतो. फूल सुकू लागलं की पेशी मरते, पिशवी फुटते, आतला रस पेशीतल्या बाकीच्या द्रवात मिसळतो आणि आंबटपणा उतरतो. मग लाल रंग जांभळ्या-निळ्याकडे झुकतो. त्यातच पाणी उडून गेल्याने तेवढाच रंग कमी जागेत दाटतो. लाल गुलाब सुकल्यावर काळा पडला असं आपण म्हणतो, ते या दोन्ही कारणांनी. तो मुळात काळा झालेला नसतो. उजेडाकडे धरून पाहा, कडेला गडद मरून दिसेल.

पिवळा आणि केशरी रंग बहुतेक वेळा वेगळ्या घराण्याचा, कॅरोटिनॉइडचा. तो पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, आणि लिंबू-सोड्याला फारशी दाद देत नाही. म्हणून झेंडू सुकला तरी झेंडूच्याच रंगाचा दिसतो. त्याचे वैरी म्हणजे ऊन आणि हवा. खिडकीत ठेवलेला झेंडू काही महिन्यांत गवताच्या रंगाचा होतो आणि अंधाऱ्या डब्यातला तसाच राहतो, तो त्यामुळे.

तिसरं घराणं बीटालेनचं. बीट कापल्यावर हाताला लागतो तो हा रंग. बोगनवेल, कोंबडा, गुलबक्षी यांत तो असतो. एकाच झाडात अँथोसायनिन आणि बीटालेन दोन्ही कधी सापडत नाहीत, ही मला आजही फार नवलाची गोष्ट वाटते.

आता पांढरा. मोगरा, जाई, अनंत, तगर यांच्या पाकळीत पांढरा रंग असा नसतोच. समुद्राचं पाणी रंगहीन, पण लाटेचा फेस पांढरा का? त्यात हवा कोंडलेली असते आणि उजेड तिच्यावरून सगळीकडे उधळतो. पांढऱ्या पाकळीतही पेशींमध्ये अशीच हवा असते. मोगऱ्याची पाकळी दोन बोटांत चुरडा, दाबलेली जागा पारदर्शक होईल. त्यानंतर ती तपकिरी होते, कारण फुटलेल्या पेशीतले घटक हवेतल्या प्राणवायूशी भेटतात. चिरलेलं वांगं काळं पडतं, त्याच जातीची ही क्रिया आहे. म्हणूनच गजरा जितका हाताळला, जितका दाबला, तितका तो लवकर आणि डागाडागांनी तपकिरी होतो.

आपल्या अंगणातलं कोणतं फूल कुठे जाऊन थांबतं

पांढऱ्या फुलांची आशा आधीच थोडी कमी ठेवा. मोगरा, जाई, जुई चांगल्या रीतीने आणि लवकर सुकवली तर फिकट सायीच्या रंगावर थांबतात. ओलसर हवेत रेंगाळली तर दुधाळ चहाच्या, आणि दुर्लक्ष झालं तर कोऱ्या चहाच्या रंगावर. अनंताची पाकळी जाड, तिच्यात पाणी फार. नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

बकुळ, म्हणजे आमची ओवळ, मात्र आठवणीसाठीच जन्मलेलं फूल आहे. ती तपकिरी होते हे खरं, पण वास ठेवते. ओवळीचा सर वर्षानंतर डब्यातून काढला तरी हाताला वास येतो. सुरंगीचंही तसंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेंगुर्ल्याच्या आरवली-आसोली पट्ट्यात सुरंगी फुलते. त्या दिवसांतलं लग्न असेल आणि नवरीने सुरंगीचा वळेसर माळला असेल, तर तो जरूर सुकवा. पांढऱ्या पाकळ्या आणि पिवळे केसर दोन्ही गंजासारख्या तांबूस तपकिरी रंगावर जातात. रंग जाईल, वास राहील, हे मुलीला आधी सांगून ठेवा म्हणजे झालं.

अबोलीवरून तर आपल्याकडे रंगालाच नाव पडलं. ती सुकते सुरेख, कारण पाकळी पातळ आणि पाणी कमी. सुकल्यावर तिची चमक उतरते आणि जुन्या कौलाच्या जवळ जाणारा फिकट केशरी-तपकिरी रंग येतो. वेणीत मोगरा आणि अबोली एकत्र असतील तर ताजेपणी दिसणारा फरक सुकल्यावर पुष्कळ कमी होतो. तो राहावा असं वाटत असेल तर मधे झेंडूच्या पाकळ्या किंवा गोकर्ण घाला.

गोकर्ण हे माझं लाडकं फूल. त्याचं निळं रंगद्रव्यही अँथोसायनिनच, पण त्याच्या रेणूची बांधणी अशी गुंतागुंतीची आहे की सुकल्यावरही निळा निळाच राहतो, थोडा गडद होतो एवढंच. नवशिक्याने पहिलं फूल दाबायचं तर हेच दाबावं.

पारिजातकाच्या एकाच फुलात दोन नशिबं आहेत. पांढऱ्या पाकळ्या दुपारपर्यंतच कोमेजतात, पण देठाचा केशरी रंग सुकल्यावरही राहतो. केशरात जो क्रोसेटिन नावाचा घटक असतो, तोच या देठात आहे. पूर्वी या देठांनी कापड रंगवत. अख्खं फूल जपण्याच्या हट्टापेक्षा देठ वेगळे सुकवून चौकटीत ओळीने लावले तर फार गोड दिसतात.

जास्वंद गणपतीच्या पायावरची असते म्हणून लोक पोथीत ठेवतात आणि पान खराब करून बसतात. लाल जास्वंदीचा रस कागदावर जांभळट काळा डाग पाडतो. पोथीत ठेवायचीच असेल तर आधी टीपकागदात पूर्ण सुकवा. सोनचाफ्याला नख लागलं की तिथे काळी रेघ उमटते. तो पाकळीपाकळीने, हात न लावता, चिमट्याने सुकवा. बोगनवेलीचा रंगीत भाग पाकळी नसून पान असतं, आधीच कागदासारखं. ती काही न करताही छान सुकते. कोंबड्याचा तुराही तसाच सोपा. घाटावरून येणाऱ्या गुलाबांत गुलाबी गुलाब मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. तो जरासा जांभळट होतो, पण दिसायला जुन्या रेशमासारखा. पिवळा मंद होतो, पांढरा हस्तिदंती.

आणि तेरडा. "तेरड्याचा रंग तीन दिवस" हे आपल्या लोकांनी पाहून ठेवलं आहे. तरी गौरीतला तेरडा जपावासा वाटतो, विशेषतः नव्या सुनेच्या पहिल्या ओवशाचा, म्हणजे गौरीला सुपाने ओवसण्याच्या विधीचा. तोडल्या तोडल्या दाबला तर त्याचा गुलाबी-जांभळा रंग उतरतो कमी, पण मग तो चौकटीत न लावता बंद वहीत ठेवा.

सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, गेंद, सीतेची आसवं ही फुलं मात्र तोडू नका. पावसाळ्यातले थोडेच आठवडे त्या कातळावर ती जगतात, त्यातच त्यांचं बी धरायचं असतं. त्यांचा फोटो काढून घरी न्या.

तोडणी आणि पहिली रात्र

घरचं फूल असेल तर दव उडाल्यावर, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास तोडा, पूर्ण उमलण्याच्या थोडं आधी. पूर्ण उमललेल्या फुलाच्या पाकळ्या सुकताना गळतात.

लग्नाची वेणी किंवा हार असेल तर सगळं त्या पहिल्या रात्रीवर ठरतं. माझ्याकडे लोक चौथ्या दिवशी येतात, तोवर निम्मं काम बिघडलेलं असतं. कार्यालयात फुलांवर पाणी मारतात, मग ती वेणी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून गाडीत ठेवली जाते, आणि आतल्या आत ती शिजते. घरातल्या एखाद्या बहिणीला आधीच सांगून ठेवा: वेणी काढल्याबरोबर सुती कपड्यावर मोकळी पसरायची, पंख्याखाली, तास-दोन तास. अख्खा हार जपण्याच्या मागे लागू नका. त्यातली बिनडागाची पंधरा-वीस फुलं दोरा कापून अलगद सोडवा आणि बाकीचा हार तुळशीपाशी ठेवा. दोऱ्याच्या गाठीखाली पाणी राहतं आणि बुरशी तिथूनच धरते.

तीन रीती, आणि माझी एक चूक

दाबून सुकवणं सगळ्यांत स्वस्त. पातळ फुलांसाठी हीच रीत: गोकर्ण, अबोली, तेरडा, सुट्या पाकळ्या. टीपकागद किंवा साधा शोषणारा कागद घ्या. कॅलेंडरचा गुळगुळीत कागद ओल शोषत नाही आणि वर्तमानपत्राची शाई थेट फुलाला लागते, म्हणून वर्तमानपत्र बाहेरच्या थराला. कागदावर आधी गरम इस्त्री फिरवून त्यातली ओल काढा. फुलं एकमेकांना न लागतील अशी ठेवा आणि वर जड पाटा किंवा पुस्तकांची थप्पी. आता महत्त्वाचं: देशावरच्या माणसाने सांगितलेली "कागद दोन दिवसांनी बदला" ही रीत आपल्याकडे चालत नाही. पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ कागद बदला, नंतर रोज एकदा. कागद ओला राहिला तर फूल मरायला वेळ लावतं, आणि फूल जितकं रेंगाळत मरतं तितका रंग जास्त पळतो. दोन ते तीन आठवडे धरा.

उलटं टांगून सुकवणं गुलाब, कोंबडा आणि झेंडूसाठी. दिवाळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंतच करा. अंधारी पण वारा खेळणारी जागा हवी. जुन्या घराचा माळा उत्तम. चुलीच्या वर नको, धुराने सगळंच पिवळट होतं. झेंडूच्या बुडाचा हिरवा फुगीर भाग आतून ओला राहतो, त्यामुळे बाहेरून कुरकुरीत लागलं तरी आणखी आठवडा द्या.

तिसरी रीत सिलिका जेलची, आणि आपल्या हवेत रंगासाठी सगळ्यांत चांगली तीच, कारण ती झपाट्याने पाणी ओढते. फुलांसाठी बारीक दाण्याचं, साखरेसारखं जेल मिळतं. मोठे मणी पाकळीवर खड्डे पाडतात. निळे मणी घेऊ नका, त्यांना कोबाल्टच्या विषारी क्षाराचा रंग दिलेला असतो. ओल ओळखायला केशरी मणी मिसळले तर ते ओल धरल्यावर हिरवे होतात. घट्ट झाकणाच्या डब्यात दोन बोटं जेल पसरा, फूल ठेवा, आणि चमच्याने हळूहळू कडेने जेल सोडत पाकळ्यांच्या मधली जागा भरा. आधी बाहेरून रचून मग वरून ओतलं तर फूल चेपतं. नाकाला रुमाल बांधा, ती धूळ छातीला बरी नाही. झाकणाच्या कडेला चिकटपट्टी लावा. मोगरा-अबोली दोन-तीन दिवसांत होते, गुलाब पाच ते सात दिवसांत. जास्त दिवस ठेवलं तर पाकळी इतकी ठिसूळ होते की उचलतानाच तुटते. ओल धरलेलं जेल जाड कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं. ती कढई मग स्वयंपाकाला घेऊ नका.

सुरुवातीला जेलला पैसे घालण्याऐवजी मी वाळू वापरली. वाळूत फूल सुकवण्याची रीत जुनी आणि चांगली आहे, पण मी किनाऱ्यावरची वाळू तशीच आणली. लाल गुलाब होते, बहिणीच्या बाळाच्या बारशाचे. तीन आठवड्यांनी काढले तेव्हा ते निळसर राखी झालेले, आणि पाऊस सुरू होताच त्यांना पाणी सुटलं. आज कारण कळतं. समुद्राच्या वाळूत मीठ असतं आणि मीठ हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तसं. शिवाय त्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. कोकणात शिंपले भाजून चुना करत आले आहेत, चुनखडीच ती. ओल्या पाकळीला चुनखडी लागली की सोड्याच्या वाटीत झालं तेच होतं. ती फुलं परत मिळायची नव्हती, आणि बहिणीला ते सांगताना मला फार वाईट वाटलं. म्हणून वाळू वापरायचीच तर नदीची घ्या, सात-आठ पाण्यांनी धुवा, कडक उन्हात वाळवा, आणि चिमूटभर वाळूवर लिंबाचा रस टाकून पाहा. बुडबुडे आले तर त्यात शिंपले आहेत, लाल फुलांना ती नको. चुलीतली राखही नको, तीही त्याच स्वभावाची.

वारा पाहून काम करा

सिलिकाची रीत बंद डब्यातली, तिला ऋतू नाही. भाद्रपदातला ओवसा, गणपती, श्रावणातलं डोहाळजेवण यांची फुलं डोळे मिटून डब्यात घाला. बाकी दोन्ही रीतींना वारा पाहावा लागतो. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो. दहाच्या सुमारापासून खारा वारा सुटेपर्यंतची वेळ बहुधा सर्वांत कोरडी. कागद बदलणं, डबा उघडणं, चौकट बंद करणं ही कामं तेव्हाच उरका. खारा वारा आत आला की खिडकी लावून घ्या. तो नुसती ओल आणत नाही, बरोबर मिठाचे कणही आणतो.

फूल पूर्ण सुकलं का, हे कानाने कळतं. पाकळी हलवली की कागदासारखी खुळखुळते. बुडाशी बोट लावून पाहा, थंड लागलं तर आत अजून पाणी आहे.

चौकट, डबा आणि पुढची वर्षं

सुकलेलं फूल मोकळ्या हवेत ठेवलं तर आपल्याकडे एका पावसाळ्यात मऊ पडतं आणि मऊ पडलं की पुन्हा तपकिरी होऊ लागतं. म्हणून सुकल्याच्या दिवशीच ते बंद करा. खोल चौकट घ्या, मागच्या बाजूला सिलिकाची छोटी पुडी ठेवा आणि मागची फट कागदी पट्टीने पूर्ण बुजवा. चौकट पश्चिमेच्या भिंतीवर किंवा खिडकीसमोर लावू नका. देवघरात लावायची असेल तर समईपासून लांब. दर वर्षी आगोटीच्या आधी, मेच्या अखेरीस, मागची पट्टी काढून पुडी बदला. बारीक भुशासारखं काही पडलेलं दिसलं तर कीड आहे. अख्खी चौकट प्लॅस्टिकमध्ये हवाबंद बांधून फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा आणि बाहेर काढल्यावर तिचा गारठा पूर्ण जाईपर्यंत प्लॅस्टिक सोडू नका, नाहीतर थंड काचेवर दव धरेल.

सध्या फुलं रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवात, घालून पेंडंट करण्याची आवड आहे. त्यात एक जाणून घ्या: रेझिन पाकळीतल्या हवेच्या जागी शिरतं, त्यामुळे पांढरा मोगरा त्यात काचेसारखा पारदर्शक दिसतो. रेझिन घट्ट होताना तापतं, म्हणून फुलात जराही ओल असेल तर ते आतच तपकिरी होतं. गोकर्ण आणि झेंडूच्या पाकळ्या रेझिनला चांगल्या. आईच्या वेणीचं एकुलतं एक फूल असेल तर ते त्यात घालू नका, कारण परत बाहेर काढता येत नाही.

आणि एक काम फूल सुकायला घालण्याआधी करा. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम आहे, १९०६ सालचं. सुकवलेल्या वनस्पतींचा अशा ठिकाणी संग्रह असतो. तिथे नमुना गोळा करणारा माणूस चिठ्ठीवर जागा, तारीख यांच्याबरोबर फुलाचा ताजा रंग लिहितो, कारण सुकल्यावर तो दिसणार नाही हे त्याला ठाऊक असतं. आपणही चौकटीच्या मागे तेच लिहावं. नुसतं "केशरी" लिहू नका, केशरीत शंभर छटा असतात. घरातल्या एखाद्या वस्तूशी जोडून लिहा, म्हणजे पंचवीस वर्षांनीही वाचणाऱ्याला रंग दिसेल. माझ्या आईच्या वेणीच्या चौकटीमागे मी लिहिलं आहे: अबोली आणि सुरंगी, लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाची. अबोली त्या दिवशी पिकल्या पपईच्या गराच्या रंगाची होती. सुरंगी ताज्या खोबऱ्यासारखी, केसर हळदीसारखे. आईने ती स्वतः ओवली.